कुलच्याचे निशाण

नातवाच्या खोलीत टांगलेल्या राष्ट्रध्वजांच्या तक्त्यावर परवा माझी नजर घानाच्या निशाणापाशी रेंगाळली, ती त्यातील काळ्या ताऱ्यामुळे नव्हे, तर ज्यावर तो तारा विराजमान झाला आहे त्या पिवळ्या पट्ट्यामुळे. कारण पिवळे निशाण म्हटले की मला माझ्या वडिलांचे अकोल्यातील बालपण आठवते.

ते निशाण हैदराबादच्या आसफजाही दौलतीचे. कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि १९०२ साली कर्झनसाहेबाने मीर महबूब अली खानांकडून तोच मुलूख सालिना पंचवीस लाख रुपयांच्या खंडाने कायमचा लिहून घेतला. पुढे १९३६ च्या करारान्वये युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब, मशिदींतील खुतब्यात निजामाचे नाव आणि युनियन जॅकशेजारी निजामाचे निशाण लावण्याची मुभा, असा मान निजामाच्या पदरी पडला. वहिवाट मात्र इंग्रजांची ती इंग्रजांचीच राहिली.

पिवळ्या पटाच्या मधोमध पांढरे वर्तुळ होते, तो कुलचा. पहिल्या आसफजाहाने औरंगाबादच्या निजामुद्दीन नावाच्या अवलियाच्या दारी सात कुलचे खाल्ले, तेव्हा तुझ्या सात पिढ्या राज्य करतील असा आशीर्वाद त्या साधुपुरुषाने दिला आणि ते कुलचे पिवळ्या वस्त्रात बांधलेले होते, अशी आख्यायिका आहे. वडील सांगत की बाजारला आलेला एक म्हातारा कास्तकार कचेरीवरचे ते वर्तुळ न्याहाळून म्हणाला होता, “भाकर त हाये बाप्पा, पन कोनाच्या ताटातली?” एवढा नेमका राजकीय अभिप्राय मी एकाही बखरीत वाचलेला नाही.

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असे आपण अभिमानाने म्हणतो, ते सोने म्हणजे काळ्या मातीतला कापूस. पण ज्याच्या नावाने तो मुलूख मिरविला जाई त्याच्या निशाणावर बोंडाचीही खूण नव्हती. घानाचे तसे नाही; त्याचे पूर्वीचे नावच मुळी ‘सुवर्णकिनारा’. ६ मार्च १९५७ रोजी तो स्वतंत्र झाला तेव्हा थिओडोसिया ओकोह या शिक्षिकेने ध्वजाची रचना केली: तांबडा रंग स्वातंत्र्यासाठी सांडलेल्या रक्ताचा, पिवळा भूगर्भातील संपत्तीचा, हिरवा अरण्यांचा आणि काळा तारा आफ्रिकेच्या मुक्तीचा. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या राजवटीत तो पिवळा पट्टा पांढरा करण्यात आला, त्यांच्या पक्षाच्या रंगांशी मेळ साधावा म्हणून; १९६६ साली राजवट कोसळली आणि पिवळा परत आला. निजामाच्या पिवळ्याला असे कोणी परत बोलाविले नाही.

नातवाने तक्ता वरपासून खालपर्यंत तपासला आणि हैदराबाद कोठेच नाही अशी तक्रार केली. मग पिवळा खडू घेऊन त्याने वहीत एक आयत रंगविला, मधे वाटी उपडी घालून गोल सोडला आणि माझ्यापुढे धरला.

“आबा, यात काय काढू?”

“काही नको. कोराच राहू दे,” मी म्हणालो. “तो कुलचा आहे.”

त्याने मात्र तोवर त्यात कापसाचे बोंड काढायला घेतले होते.