ऐकू न येणारी मौज

मी भाषेचा मास्तर. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. मी ऑसिलोस्कोपवर लिहितोय हे पाहून नेहमीचे काही वाचक हसतील. हसा. पण आमच्या घरात वर्षभर या यंत्रावरून वाद चालला, आणि त्यात दोन्ही बाजू बरोबर होत्या, म्हणून लिहावंसं वाटलं.

माझा भाचा दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकला, आता आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे वडील, आमचे दुल्हाभाई, तीस वर्षं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. लग्नाचे साउंड, शाळांचे माइकसेट, जुने डेक, सगळं त्यांच्या टेबलावर येतं. पोराला लॅपटॉपला जोडायचा यूएसबी ऑसिलोस्कोप हवा होता. दुल्हाभाईंचं म्हणणं एकच, "कानों से मालूम होता है, मशीन कायको?"

मल्टिमीटर सगळ्यांना माहीत असतो. तो एक आकडा सांगतो. पण वीज एका सेकंदात शेकडो वेळा वर-खाली होत असेल, तर तो आकडा म्हणजे नुसती सरासरी. वर्गाची सरासरी पन्नास टक्के म्हटल्यावर कोण नापास झालं ते कळत नाही, तसंच. ऑसिलोस्कोप व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं त्याचा आलेख काढतो. आडवा वेळ, उभे व्होल्ट. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली कॅथोड किरणांची नळी बनवली, तिच्यातून हे यंत्र आलं. पुढे कित्येक दशकं ते जड आणि महाग राहिलं. यूएसबीच्या डबीत पडदा नाही, बटणं नाहीत, वीजपुरवठाही नाही. ती फक्त व्होल्टेज मोजून आकडे लॅपटॉपला पाठवते, चित्र लॅपटॉप काढतो. स्वस्ताई इथून येते.

मला यात रस का वाटला, ते सांगतो. आमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकात तरंगाला 'मौज' म्हणतात, तरंगलांबीला 'तूल-ए-मौज', वारंवारितेला 'तअद्दुद'. मराठीत मौज म्हणजे मजा, त्यामुळे माझ्या वर्गात या शब्दावर दरवर्षी एकदा हशा होतो. पोरगा आयटीआयला गेला आणि तिथे वेव्हफॉर्म, फ्रिक्वेन्सी सुरू झालं. एकाच गोष्टीला त्याच्याकडे तीन भाषांत तीन शब्द होते, पण ती गोष्ट त्याने पाहिली नव्हती. तिथल्या प्रयोगशाळेत स्कोप आहे, पण पोरं जास्त आणि यंत्र एक, शिवाय कपाटाची किल्ली साहेबांकडे. उर्दू माध्यमाची पोरं पुढे मागे पडतात तेव्हा सगळे भाषेला दोष देतात. माझं मत असं की शब्द नंतर येतात. वस्तू डोळ्यांसमोर असली की पोर तिला कुठल्याही भाषेत नाव देतं.

मग एका मित्राकडून त्याने दोन दिवसांसाठी अशी डबी आणली, हँटेक ६०२२बीई. त्याच वेळी दुकानात एका शाळेचा माइकसेट आला होता. स्पीकरमधून घुंऽऽ आवाज, आणि पंधरा ऑगस्ट तोंडावर. लॅपटॉप सुरू होईपर्यंत दुल्हाभाईंनी निदान केलं, "फिल्टर गया." पोराने प्रोब लावला. जिथे सरळ आडवी रेघ हवी होती, तिथे करवतीचे दाते दिसले. चाळीस व्होल्टवरून एकतीसपर्यंत घसरण, परत वर. दोन दात्यांमध्ये १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १००. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजू वापरतो म्हणून १००. दाते इतके खोल, म्हणजे साठवण करणारा मोठा कपॅसिटर सुकला. मल्टिमीटरवर पस्तीसच्या आसपास आकडा दिसत होता, निरोगी वाटावा असा. शे-सव्वाशे रुपयांत ४७०० मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर बसला, आवाज गेला. दुल्हाभाई जिंकले, यंत्र न लावता.

पण माइक न जोडताही हीटसिंक तापतच होता. आवाज काहीच नाही. दुल्हाभाईंना आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीचा संशय, ती बदलायच्या तयारीत होते. पोराने स्पीकरच्या टोकांवर प्रोब धरला, तर तिथे दाट पट्टा. वेळेचं माप ताणत नेलं तसा तो पट्टा उलगडला आणि त्यात मौजा दिसल्या, दोन टोकांमध्ये साधारण ३ मायक्रोसेकंद. सेकंदाला तीन लाखांहून जास्त. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत ऐकतो. अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ओरडत होता, आणि ते कोणालाच ऐकू येत नव्हतं. आउटपुटवर १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, असं ओरडणं दाबायलाच. तो रेझिस्टर धुळीखाली जळून तुटलेला निघाला. बदलल्यावर पडद्यावरची रेघ सरळ झाली. दुल्हाभाई काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फिर से निकाल वो रेझिस्टर. फिर से दिखा."

आता ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी, दुकानदार सांगणार नाही अशा. या डबीवर २० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं आणि ती सेकंदाला जास्तीत जास्त ४८ दशलक्ष नमुने घेते. भागाकार करा. २० मेगाहर्ट्झच्या एका मौजेला अडीच ठिपकेसुद्धा येत नाहीत, आणि अडीच ठिपक्यांतून आकार कळत नाही. बरा आकार दिसायला निदान दहा ठिपके हवेत, म्हणजे खरा पल्ला चार-पाच मेगाहर्ट्झचा. नमुने कमी पडले की नुसतं धूसर दिसत नाही, चक्क खोटं दिसतं. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच प्रकार. शिवाय डबी ८ बिटची. उंचीच्या पायऱ्या फक्त २५६. ऑडिओ, चार्जरची कमी व्होल्टची बाजू, आर्डुइनोचे छोटे प्रकल्प यांना हे पुरेसं आहे. रेडिओचा एफएम भाग बघायचा असेल तर पैसे साठवा आणि टेबलावरचा चांगला स्कोप घ्या. सोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर मन बसत नसेल, तर ओपनहँटेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवरही चालतं.

ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत त्याने लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रापासून सुरुवात करावी. साउंडकार्ड सेकंदाला ४८ हजार नमुने घेतं, ऑडिओपुरतं ठीक. पण स्थिर व्होल्टेज त्यात दिसत नाही, आणि एखाद्या व्होल्टच्या वर गेलात तर कार्ड जळेल, आधी रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करावं लागतं. शाळेसाठी विचाराल तर मी एक्सप्आइज सुचवेन. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने खास विद्यार्थ्यांसाठी बनवलेली ही डबी. वेग कमी, पण सिग्नल मोजतेही आणि तयारही करते, उणे १६ ते अधिक १६ व्होल्ट झेपतात, आणि आराखडा सगळ्यांना खुला आहे. मुख्याध्यापकांच्या सभेत मी हे दोनदा बोललो. दोन्ही वेळा चहा चांगला होता.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. प्रोबची काळी चिमटी ही लॅपटॉपच्या यूएसबीची ग्राउंड असते, आणि तीन पिनांच्या चार्जरमधून ती अनेकदा थेट घराच्या अर्थिंगला जाते. शाळेच्या त्या माइकसेटमध्ये ट्रान्सफॉर्मर होता, त्याच्या अलीकडचं सर्किट लाइनपासून वेगळं होतं, म्हणून निभावलं. एसएमपीएसच्या प्राथमिक बाजूला ते वेगळेपण नसतं. २३० व्होल्ट सरळ करून तिथे ३२५ च्या आसपास उभे असतात. तिथल्या मायनसला काळी चिमटी लावली की धडाका होतो, आणि लॅपटॉप जातो. काही जण सल्ला देतात की चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हा सल्ला अर्थाचा अनर्थ करतो. लॅपटॉप वाचेलही, पण मग तो अख्खा लाइनवर चढलेला असतो, आणि तुमचा हात त्याच्या कीबोर्डवर. दहापट प्रोबने फक्त व्होल्टेज कमी होतं, सुटका होत नाही. हे काम डिफरन्शियल प्रोबचं, तो महाग असतो, तो नसेल तर तिथे स्कोप लावायचाच नाही. मोबाइल चार्जर आणि एलईडी ड्रायव्हर उघडून बसणारी आपल्या मोहल्ल्यातली किती तरी पोरं मी ओळखतो, म्हणून इतकं ताणून सांगतोय.

डबी शेवटी घेतली. पैसे दुल्हाभाईंनीच दिले, मला खिशात हात घालू दिला नाही. टेबलाच्या मधोमध लाल टेपची रेघ मारली आहे. तिच्या डाव्या बाजूला फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या वस्तू, उजवीकडे एसएमपीएस, आणि डबीची वायर मुद्दाम इतकी आखूड बांधली आहे की उजवीकडे पोहोचत नाही. भिंतीवर सूचना लिहायचं काम भाषेच्या मास्तरकडे आलं. उर्दूत आणि मराठीत लिहून दिली, 'आधी काळी चिमटी कुठे लागणार ते मोठ्याने सांगा, मग लावा.' दुकानात हाताखाली एक पोरगा आहे, त्याला वाचता येत नाही. दुल्हाभाईंनी त्याच्याकडून ती तोंडपाठ करून घेतली.