तहानेल्यांचे पाणी

शहापूर तालुक्यातील डोळखांबच्या रस्त्याने उन्हाळ्यात जावे आणि डोक्यावर हंडे घेतलेल्या स्त्रिया दिसू नयेत, असे क्वचितच घडते. ज्या तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे आहेत, त्याच तालुक्यातील पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. तानसाचे धरण १८९२ साली पूर्ण झाले, मोडकसागरचे १९५७ साली. हे सारे मला वाचून ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र मला एका लहानशा खोलीने शिकवला.

काही वर्षांपूर्वी आम्ही वसईतील चार-पाच कुटुंबांनी मिळून त्या भागातील एका पाड्यावर बालवाडीसाठी खोली बांधून देण्याचे ठरवले. प्रायश्चित्तकाळात वाचवलेले पैसे होते, उत्साह होता, आणि आपण परोपकार करीत आहोत याचे थोडेसे समाधानही होते. विटांच्या भिंती आणि वर स्लॅब असा आराखडा झाला. दुसरा काही विचार करावा, असे कोणालाही वाटले नाही. पक्के म्हणजे स्लॅब, हे आम्ही गृहीतच धरले होते. पुनरुत्थानाचा सण आटोपताच काम सुरू झाले, कारण पावसाळ्यापूर्वी ते उरकायचे होते.

स्लॅब पडला आणि मिस्त्रींनी बजावले की, दोन आठवडे तरी त्यावर पाणी राहिले पाहिजे. त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होतो, म्हणून ते घट्ट होते. पाणी कमी पडले तर स्लॅब कच्चा राहतो, त्याला चिरा पडतात. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून मी पाड्यावर गेलो, तेव्हा एक वृद्ध ठाकर बाई शिडीवर उभ्या राहून हंडा स्लॅबवर रिकामा करीत होत्या. विहिरीचा तळ उघडा पडला होता. पाणी टेकडीखालच्या झऱ्यावरून येत होते आणि त्यासाठी घरोघरी पाळी लावलेली होती.

“आजी, घरी पाणी आहे ना?” मी विचारले.

“आज भात नाय टाकला,” त्या सहज म्हणाल्या. “पोरांच्या खोलीला पाणी पायजे, मिस्तरी बोलला.”

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले. अखेरच्या न्यायाच्या वेळी तहानेल्याला पाणी दिले की नाही, हे आपल्याला विचारले जाईल, असे आपण लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकत आलो आहोत. आम्ही तर तहानेल्यांचे पाणी घेऊन ते स्लॅबला पाजले होते! त्याच संध्याकाळी टँकरची सोय केली. पण झाले ते झाले होते.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा धडा मिळाला. बालवाडीची मुले खोलीबाहेर आंब्याखाली बसलेली दिसली. दिवसभर उन्हात तापलेला स्लॅब दुपारपासून आत उष्णता सोडू लागे, आणि ठेंगण्या छताखाली बसणे मुलांना अशक्य होई. आजींच्या घरात मात्र गारवा होता. मेढींवर आढे, त्यावर वासे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला आतून-बाहेरून माती व शेणाचा लेप. वर कौले आणि खाली सारवलेली भुई. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई आणि खाली उतरलेल्या छपरामुळे भिंतींवर ऊन पडत नसे. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून मरून जाणारी सह्याद्रीची कारवी त्या भिंतीत पुन्हा उभी होती. त्या घरासाठी भट्टी पेटली नव्हती. सिमेंटसाठी मात्र चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजावी लागते, आणि जगभरात माणूस जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातील सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा असतो.

एवढे उमगल्यावर मी कुडाच्या घराचा प्रचारकच झालो. मुरबाड तालुक्यातील एका कातकरी वाडीवर दुसरी खोली बांधण्याचा विषय निघाला, तेव्हा मी मातीच्या भिंतींचे गुणगान सुरू केले. एक तरुण आई कडेवर मूल घेऊन ऐकत होती. माझे बोलणे संपताच तिने विचारले, “गुरुजी, तुमचं घर कुडाचं हाय का?”

मी निरुत्तर झालो. आजोबांचे कौलारू घर पाडून बांधलेल्या स्लॅबच्या घरात मी राहतो. मग तिने एकेक सांगितले. दर वर्षी कूड लिंपावा लागतो. वाळवी मेढ खाते. पावसात भिंतीचा पाय भिजतो. कुडातून साप आत येतो. तिला पक्के घर हवे होते, आणि ते मागण्याचा तिला माझ्याइतकाच अधिकार होता. गरिबाने गारव्यासाठी कुडात राहावे आणि आपण पंख्याखाली बसून त्याचे कौतुक करावे, ही निसर्गभक्ती नव्हे.

तिचे यजमान नुकतेच वीटभट्टीवरून परतले होते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. माती मळायची, साच्यात विटा पाडायच्या, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जायचे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. उचलीचा फास मात्र अनेकांच्या गळ्यात राहिला. आपल्या घरांच्या भिंती ज्या हातांनी घडल्या, ते हात कारवीच्या कुडात झोपतात, हे मला त्या दिवशी प्रथम दिसले. कातकऱ्यांसारख्या आदिवासी गटांना पक्क्या घरासाठी २ लाख रुपये देणारी प्रधानमंत्री जनमन योजना २०२३ साली सुरू झाली, तेव्हा मला त्या माउलीचीच आठवण झाली.

मुरबाडची खोली आम्ही वेगळ्या रीतीने बांधली. लॉरी बेकर या वास्तुरचनाकारांविषयी त्या सुमारास वाचनात आले होते. १९१७ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा क्वेकर पंथीय गृहस्थ भारतात आला, इथलाच झाला, आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे निवर्तला. घराचे सामान शक्यतो पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. विटा सपाट न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे भिंत कमी तापते.

आम्ही भाताची कापणी झाल्यावर, ओढे वाहते असतानाच काम सुरू केले. जोते जवळच्या काळ्या दगडाचे केले, भिंती बेकर यांच्या पद्धतीने रचल्या, वर कौले घातली आणि पुढे रुंद पडवी काढली. छपराच्या पागोळ्यांचे पाणी टाकीत सोडले. खिडक्या कोठे असाव्यात, हे त्या तरुण आईने ठरवले. विटा घेताना आम्ही मजुरीचा हिशेब विचारला. पहिल्या भट्टीवर तो प्रश्न आवडला नाही, तेव्हा दुसरीकडे गेलो. बांधकामावर रोजगार मिळाल्याने वाडीतील दोन कुटुंबे त्या वर्षी महिनाभर उशिरा भट्टीवर गेली. उचल आधीच घेतलेली होती, त्यामुळे जाणे मात्र टळले नाही. याहून अधिक आमच्या हातून झाले नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगवेगळे ऐकता येत नाहीत, असे त्यात त्यांनी आपल्याला शिकवले. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर शिडीवरचा तो हंडा उभा राहिला. आपल्या धर्मग्रामांत आज घरे, सभागृहे, शाळा उभ्या राहत आहेत. कोनशिला बसवून आशीर्वाद मागण्यापूर्वी तीन प्रश्न आपण विचारू शकतो: पाणी कोणाचे, सावली कोणाला, आणि विटेवरचे हात कोणाचे?

शहापूरच्या खोलीच्या स्लॅबवर आम्ही पुढे कौलांचे छप्पर चढवले. आता मुले आत बसतात. आजी मात्र ते पाहायला राहिल्या नाहीत. त्यांच्या त्या हंड्याचे ऋण माझ्यावर तसेच आहे.