रात्रीचा पाऊस कुणाच्या खात्यावर

मुंबईचा तो ९४४ मिलिमीटरचा पाऊस सगळ्यांना २६ जुलै २००५ या तारखेनं ठाऊक आहे. हवामान खात्याच्या नोंदीत सांताक्रूझचा तो आकडा २७ जुलैपुढे आहे. दोन्ही बरोबर. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागच्या चोवीस तासांत पडलेलं पाणी मोजणीच्या तारखेवर चढतं. लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले ते २६ला, आकडा लिहिला गेला २७ला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही भरले नाहीत, याचं नवल सगळे करतात. तारखेचं कुणी करत नाही. मी करतो. निपाणीत राहून करतो, जिथं अख्ख्या वर्षात तेवढा पाऊस होईलच याची खात्री नाही.

ज्यांच्या अंगणात पर्जन्यमापक आहे त्यांना बाकीचं सांगायला नको. तोंड किती उंच ठेवायचं, झाडापासून किती लांब, नरसाळ्यात कोळ्यानं जाळं केलं तर काय करायचं, हे ज्याचं त्याला येतं. निपाणीत एक जादा व्याप असतो. वखारी चालू असल्या की तंबाखूची धूळ उडत येऊन नरसाळ्यात बसते आणि पहिल्या दवात चिकटते. पुसायला गेलं की शिंका. पण धूळ पुसता तरी येते. दिवसाचं काय करायचं?

मी एका वखारीत हिशेबनीस होतो. रोजमेळ लिहायचो. संध्याकाळी शिल्लक जुळली, खाली रेघ मारली की दिवस संपला. त्यानंतर दारात गाडी लागली तर तिचा माल उद्याच्या पानावर. त्यामुळे साडेआठचा नियम मला कधी परका वाटला नाही. तोही रेघ मारण्याचाच प्रकार. फरक इतकाच, की गाडी नेमकी कधी आली हे विचारायला वखारीत कुणी येत नसे. पावसाचं विचारायला येतात. जानेवारीत अवकाळी होतो. तंबाखू शेतात पिकून उभी असते, पानावरचा चीक एका सरीत धुऊन जातो, आणि शेतकरी दोन दिवसांनी येऊन म्हणतो, ‘अण्णा, रविवारी रात्री किती झाला?’ मी वही उघडतो. रविवारपुढे शून्य. आकडा सोमवारपुढे. तो माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, की हा माणूस त्या रात्री गावात होता की नाही!

खरं तर वहीतली माझी एकेक ओळ दोन-दोन दिवसांच्या तुकड्यांची असते. किमान तापमान आज पहाटेचं. कमाल काल दुपारचं, कारण सकाळी साडेआठला पारा बघणारा आजची दुपार कुठून आणणार? पाऊस काल सकाळपासून आज सकाळपर्यंतचा. आणि डावीकडे तारीख एकच, आजची.

इंग्लंडात पावसापुरतं उलटं चालतं. जॉर्ज जेम्स सायमन्स या गृहस्थांनी १८६०पासून हौशी माणसं जमवून गावोगावचा पाऊस गोळा करायला सुरुवात केली. १९००मध्ये ते गेले तेव्हा त्यांना आकडे पाठवणारे तीन हजारांहून जास्त झाले होते. माझ्यासारखी, अंगणात भांडं ठेवणारी माणसं. तिथली रीत अशी, की सकाळी नऊला मोजायचं आणि आकडा कालच्या तारखेवर मागं टाकायचा. सायमन्स यांच्याच नावाचं पाच इंची भांडं आपल्याकडे मामलेदार कचेऱ्यांच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या उभं राहिलं. भांडं आपण घेतलं, मागं टाकणं घेतलं नाही. तर्काला धरून बघितलं तर इंग्रजांचं बरोबर म्हणावं लागतं, कारण साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांतले साडेपंधरा तास कालचे असतात. तरीही मी खात्याचीच रीत धरली. माझा आकडा मला बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या वेधशाळेच्या आकड्याशेजारी ठेवून बघायचा असतो. आपलं शहाणपण वेगळं काढलं तर शेजारी ठेवायला काही उरत नाही.

पण तारीख पुढंमागं होणं हे किरकोळ दुखणं. पाऊस मधोमध कापला जाणं हे खरं दुखणं. चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तर तो दिवस पावसाचा, असा खात्याचा नियम. समजा सकाळी सातला भुरभुर लागली, दहापर्यंत चालली, एकूण चार भरली. साडेआठच्या रेघेनं दोन अलीकडे टाकले, दोन पलीकडे. दोन तारखा, दोन्ही हिशेबात कोरड्या. धुणं मात्र त्या दिवशी घरात वाळत घातलेलं. मोठ्या पावसात हेच महागात जातं. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र. तिथं महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची रेघ ओलांडली तर अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी झाली तर पंचनामा. मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत सलग नव्वद कोसळला आणि साडेआठनं त्याचे पन्नास आणि चाळीस केले, तर कागदावर अतिवृष्टी कुठल्याच दिवशी नाही. बांध फुटलेला असतो, तो कुठल्या तारखेला फुटला हे तलाठ्यानं ठरवायचं.

वळीव या बाबतीत सज्जन. वैशाखात चार-पाचला ढग चढतात, वारा सुटतो, विजा, गारा, आणि दिवेलागणीला उघडीप. अख्खा पाऊस रेघेच्या एका बाजूला. आकडा उद्यावर जातो, पण सगळाच्या सगळा जातो. आषाढ-श्रावणातली झड मात्र कुणाचं ऐकत नाही. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, दोघंही रात्रभर पडतात आणि सकाळी मी मोजपात्र हातात घेऊन उभा असताना पडतच असतात. बाटली काढायची, पाणी ओतायचं, वाचायचं, बाटली परत ठेवायची. तेवढ्यात पडलेल्या थेंबांचं काय, हा विचार करू नये असं ठरवूनही येतो.

त्यातून आमची नदी. वेदगंगेवर धरण आहे पाटगावला, भुदरगडात, घाटाच्या अंगाला. पाऊस तिथं पडतो आणि पाणी आमच्या उशाशी येतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली. लोक विचारायला आले, ‘एवढा कुठं पडला?’ माझ्या वहीत एवढा नव्हता. कोल्हापूरच्या पेपरात पावसाचे आकडे कागलला येऊन संपतात आणि कन्नड पेपरात चिकोडीकडून सुरू होतात. सीमेचा वाद मी या लेखात काढणार नाही, पण पावसाची बेरीज करताना तो असा आपोआप निघतो.

मी हे सगळं एकट्यानं सोसत होतो तोवर ठीक होतं. मग डोळे बिघडले. मोजपात्रात पाण्याची कड वर वळलेली असते, वाचायची खालची. मला एकाच्या दोन कडा दिसायला लागल्या. मोतीबिंदू काढला, कड एक झाली, पण हात थरथरतो तसं पाणीही थरथरतं. भावाची नात बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. तिनं सुट्टीत येऊन परसात एक स्वयंचलित केंद्र उभं केलं. दोन इवल्या वाट्या, एक भरली की कलंडते, दुसरी पुढं येते. प्रत्येक कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर, आणि मिनिटागणिक नोंद. मुसळधार सुरू झाली की वाटी कलंडता कलंडताच पाणी निसटतं, हे कुठल्याही जाणकाराला माहीत आहे. माझ्या बाटलीतून काही निसटत नाही, फक्त तिला वेळ कळत नाही. वाट्यांना वेळ कळते, धो धो पाऊस झेपत नाही. म्हणून मी दोन्ही ठेवली आहेत, आणि लिहितो बाटलीचंच.

मला वाटलं होतं, मिनिटाची नोंद आली म्हणजे रेघेचं दुखणं गेलं. हवा तिथं दिवस कापा. झालं उलटंच. यंत्राचा पडदा मध्यरात्री शून्यावर येतो. फाइल उतरवून घेतली तर ती ग्रिनिच वेळेत, म्हणजे आमचे सकाळचे साडेआठ तिथं तीन. वही साडेआठची. मुलगी पहिल्याच संध्याकाळी फाइल आणि वही शेजारी ठेवून म्हणाली, ‘आज्जा, सोमवारचा पाऊस मंगळवारात कसा काय लिहिलायसा?’ मी तिला सांताक्रूझ सांगितलं, सायमन्स सांगितले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हंजे सगळ्यांचाच घोळ हाय की.’ स्वयंपाकघरातून तिची आजी म्हणाली, दिवस सूर्योदयाला लागतो, एवढं साधं कसं कळत नाही तुम्हाला. आणि संकष्टीला तर चंद्रोदयाशिवाय जेवायला मिळत नाही. मृग नक्षत्र कधी लागतं ते पंचांगात तास-मिनिटांत छापलेलं असतं. त्याला ना मध्यरात्र लागते, ना साडेआठ.

यंत्रानं मला एक गोष्ट मात्र दिली जी वही कधीच देऊ शकली नसती. वायुभाराची रेघ. कोरड्या हवेत ती रोज दोनदा चढते, दोनदा उतरते: सकाळी दहाच्या सुमारास शिखर, दुपारी चारला खळगा, रात्री दहाला पुन्हा शिखर, पहाटे चारला पुन्हा खळगा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२०च्या दशकात दख्खनमध्ये वायुभारमापक घेऊन फिरत हेच टिपलं होतं आणि १८३५मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं होतं. पहिल्यांदा ती लाट पडद्यावर बघितली तेव्हा मी जेवण विसरलो. हवेला स्वतःचा दिवस आहे, आणि तिला रात्री बारा वाजता काही होत नाही, साडेआठलाही काही होत नाही.

आता थोडं इतरांबद्दल. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी पावसाचे आकडे टाकणारे आमच्या भागात पावसाळी छत्र्यांसारखे उगवलेत. एकानं प्लास्टिकची बादली मांडली आहे आणि तिच्यात पट्टी बुडवतो. बादली वर रुंद, खाली अरुंद, हे त्याच्या ध्यानात आणून दिलं तर म्हणाला, ‘अंदाज येतोय की.’ दुसऱ्यानं परदेशी यंत्र घेतलं, चांगलं महाग, आणि बसवलं गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून. उन्हाळ्यात त्याच्या घरचं तापमान बघून वाटतं, निपाणी राजस्थानात आहे. मोबाइलवरची ॲप तर निपाणीचं तापमान दशांशात सांगतात. ते कुठल्या तापमापीत वाचलं हे विचारू नये, कारण तापमापी नसते, गणित असतं. या सगळ्यांना तुम्ही विचारा, तुमचा दिवस कधी संपतो? ‘म्हंजे?’ म्हणतील. कर्नाटक सरकारनं ग्रामपंचायतीगणिक स्वयंचलित मापक बसवलेत, ते साडेआठ ते साडेआठ मोजतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट त्यांच्यामुळेच माझ्या वहीची गरज कितपत उरली, हा प्रश्न मला पडायला हवा. पडतो. मी उत्तर देत नाही.

कारण खरं सांगायचं तर सरकारी आकडा माझ्यापेक्षा कमी आला की मला आनंद होतो. मापक मैल-दोन मैल लांब असेल तर फरक पडायचाच, त्यात कर्तृत्व काही नाही, पण मला वाटतं पाऊस माझ्याकडे जास्त मन लावून पडला. एकदा एका पेपरात निपाणीचा म्हणून आलेला आकडा दशांशासकट माझाच होता. नाव नव्हतं. ते कात्रण मी वहीत चिकटवलं आणि कुणी आलं की वही नेमकी त्या पानावर उघडते. चुकीच्या आकड्यावर मी खाडाखोड करत नाही; एक रेघ, वर नवा आकडा, शेजारी सही. हे वखारीतलं वळण, पण ते पाहुण्यांनी बघावं अशीही इच्छा असते. लग्नाकार्याला परगावी जाताना मी बाटली कुणाच्या हवाली करायची यावर घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी लग्नाच्या आहेरावर झाली नाही. वहीत कोरी ओळ नको, हे शास्त्रासाठी म्हणतो. शास्त्रासाठीच असतं असं नाही.

नातीनं आता सगळ्या जुन्या वह्या संगणकावर चढवायला घेतल्या आहेत. तिचं म्हणणं, जगभर मध्यरात्रीचा दिवस चालतो, आपणही तोच धरू. मी म्हटलं, नव्या नोंदी मिनिटाच्या आहेत, त्या कुठंही कापता येतील. जुन्या वह्यांत फक्त साडेआठ आहे, त्यातून मध्यरात्र काढून दाखव. तिनं एक दिवस डोकं चालवलं. काल आणि आज यांच्यात प्रमाणात वाटून द्यायचा, असा तोडगा काढला. मी म्हटलं, वळवाचा पाऊस प्रमाणात वाटलास तर रात्री दोनला, चांदणं पडलेलं असताना, तुझ्या फाइलीत निपाणीवर पाऊस पडत असेल. तिनं तो तोडगा सोडला. हसली नाही, सोडला. हे मला जास्त आवडलं.

शेवटी तिनं दोन रकाने केले. एक मध्यरात्रीचा, यंत्र बसवल्यापासूनचा. दुसरा साडेआठचा, पहिल्या वहीपासून आजपर्यंत सलग. बाटली चालू राहील, तोवर दुसरा रकाना चालू राहील, असं ठरलं. पावसाळ्याची बेरीज १ जूनपासून, आणि १ जूनच्या ओळीत ३१ मेची संध्याकाळ शिरते त्याची टीप खाली. एवढं सगळं रीतसर झाल्यावर मी चष्मा लावून रकान्यांची नावं वाचली. पहिल्यावर लिहिलंय ‘मध्यरात्र’. दुसऱ्यावर ‘आज्जाचा दिवस’. मी म्हटलं, अगं, हा सगळ्या देशाचा दिवस आहे, वेधशाळेचा आहे, माझा काय म्हणून? नाव बदल. ती म्हणाली, बदलते नंतर. अजून बदललेलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा सांगितलेलं नाही.