बारावे छायाचित्र

बाबांना कंपवाताचे निदान झाले, त्यानंतर त्यांचा जुना याशिका-मॅट मी कपाटातून बाहेर काढला. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून डोकवायचा कॅमेरा. १२० च्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरची अवघी बारा छायाचित्रे. घाई परवडतच नाही.

या आजारात चेहऱ्यावरचे भाव आटत जातात. बाबा सदा नाराज आहेत, असे वाटून आम्ही त्यांच्याशी बोलणेच कमी केले होते. या कॅमेऱ्याच्या काचेवर डावे-उजवे उलटे दिसते. चित्र जुळवायला वेळ लागतो. तेवढ्यात आई काहीतरी म्हणाली आणि काचेवर बाबांच्या डोळ्यांच्या कडा किंचित हलल्या. हसत होते ते! इतके महिने आमच्या ध्यानातच आले नव्हते.

ओसरीवर उजेड कमी होता. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटरचा वेग १/१५ सेकंद ठेवला. रोल धुऊन आला, तेव्हा चेहरा स्पष्ट, मांडीवरचा हात मात्र धुक्यासारखा. आईला ते छायाचित्र आवडले नाही. मला आवडले, तिच्यासमोर बोललो नाही इतकेच.

हा कंप हात स्वस्थ असताना अधिक जाणवतो, काम करताना पुष्कळदा कमी होतो. म्हणून रोल पुढे सरकवण्याचे हँडल आता बाबाच फिरवतात. गेल्या रविवारी अकरा छायाचित्रे झाली. बाराव्यासाठी हँडल फिरवून झाल्यावर त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला नाही. आईला म्हणाले, "जरा उजेडात बस."