न गायलेली भैरवी

२०२३ च्या नोव्हेंबरात ‘नाऊ अँड देन’ आलं आणि बीटल्सचं ‘शेवटचं गाणं’ म्हणून जगभर गाजलं. ते गाणाऱ्या जॉन लेननला जाऊन तेव्हा त्रेचाळीस वर्षं होत आली होती, जॉर्ज हॅरिसनला बावीस. जुन्या घरगुती कॅसेटमधून लेननचा आवाज संगणकाने पियानोपासून सोडवून घेतला, आणि पॉल आणि रिंगो या उरलेल्या दोघांनी त्याभोवती गाणं उभं केलं. गाणं वाईट नाही. खटकतं ते त्यावरचं बिरुद. या चौघांच्या कितीतरी गोष्टींवर आपण ‘शेवटचं’ असा शिक्का मारून बसलो आहोत, आणि त्यातला सर्वांत लाडका शिक्का ‘ॲबी रोड’ या अल्बमवर आहे.

बाजारात शेवटी आला तो ‘लेट इट बी’, ८ मे १९७० रोजी. पण त्यातलं बहुतेक ध्वनिमुद्रण जानेवारी १९६९ मधलं, ‘ॲबी रोड’च्या आधीचं. म्हणून रसिकांनी परस्पर निवाडा करून टाकला, की ‘लेट इट बी’ कागदोपत्री शेवटचा आणि खरा निरोप ‘ॲबी रोड’. चौघांना शेवट दिसत होता, त्यांनी भांडणं बाजूला ठेवली, जुने निर्माते जॉर्ज मार्टिन यांना परत बोलावलं आणि मैफलीची भैरवी गाऊन ते उठले, अशी ही कथा. कथा गोड आहे, म्हणूनच टिकली. माझ्या मते ती खरी नाही. भैरवी गाणाऱ्याला आपण भैरवी गातो आहोत हे ठाऊक असतं. या चौघांनी तसं काही ठरवलंच नव्हतं.

याचा सर्वांत बळकट पुरावा ८ सप्टेंबर १९६९ च्या एका टेपवर आहे. ‘ॲबी रोड’ तेव्हा पूर्ण झाला होता, दुकानात यायचा होता. रिंगो रुग्णालयात होता, आणि त्याला नंतर ऐकता यावं म्हणून बाकी तिघांनी आपली बैठक मुद्रित केली. बीटल्सचे चरित्रकार मार्क लुइसन यांनी २०१९ मध्ये ती उजेडात आणली. तिच्यात चर्चा चालली आहे पुढच्या अल्बमची! जॉन वाटणी सुचवतो: पॉल, जॉर्ज आणि तो स्वतः यांची चार-चार गाणी, रिंगोला हवी असली तर दोन. घर सोडून निघालेला माणूस पुढच्या महिन्याच्या किराण्याची यादी करत नाही. बारा दिवसांनी याच जॉनने ‘मी बँड सोडतोय’ असं सांगितलं हे खरं. पण ते बारा दिवसांनी, अल्बम हातावेगळा झाल्यावर.

यावर मार्टिन यांची साक्ष पुढे केली जाते: हा शेवटचाच, असं सगळ्यांनाच आतून वाटत होतं, असं ते सांगत. पण खात्रीने कोणालाच माहीत नव्हतं, हेही त्यांनीच म्हटलं आहे. शिवाय ही आठवण बँड फुटल्यानंतरची आहे, आणि फुटल्यानंतर आठवताना प्रत्येक गोष्टीत तडा दिसतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संगीतच निरोपाचं आहे, तिथे टेप आणि तारखा काय कामाच्या? ‘ॲबी रोड’च्या दुसऱ्या बाजूची ती गाण्यांची साखळी, अखेरीस तिघांच्या गिटारींची पाळीपाळीने चाललेली जुगलबंदी आणि तिच्याआधी रिंगोचा ड्रम्सवरचा एकल तुकडा ऐकून कोणाच्याही घशात काहीतरी अडकतं. पण साखळीच्या कड्या पाहा. ‘मीन मिस्टर मस्टर्ड’ आणि ‘पॉलिथीन पॅम’ ही १९६८ च्या हृषीकेश मुक्कामात सुचलेली, आधीच्या अल्बमातून उरलेली गाणी. ‘गोल्डन स्लंबर्स’चा पाया घातला गेला तेव्हा जॉन स्टुडिओत नव्हताच, स्कॉटलंडमध्ये मोटार अपघात होऊन तो रुग्णालयात पडला होता. पुढे त्याने या साखळीला उघड नावं ठेवली. चौघांचा मिळून निरोप म्हणावा, तर त्यातल्या एकाला तो मान्यच नव्हता.

शेवट म्हणून योजलेलं ‘दि एंड’ हे गाणंही प्रत्यक्षात शेवटी येत नाही. पॉलने ‘हर मॅजेस्टी’ हा तेवीस सेकंदांचा तुकडा साखळीतून काढून फेकून द्यायला सांगितला होता. बीटल्सचं काहीही फेकायचं नाही असा स्टुडिओचा दंडक. म्हणून जॉन कर्लँडर या तरुण तंत्रज्ञाने तो टेपच्या टोकाला जोडून ठेवला. तो तिथेच राहिला, पॉललाही आवडला. त्यामुळे ‘ॲबी रोड’ संपतो तो एका नोकरदाराच्या सावधपणावर, आणि तोही अर्धवट, कारण कापताना तुकड्याचा शेवटचा सूर मागेच राहिला. मला हे तेवीस सेकंद त्या साऱ्या भव्य साखळीपेक्षा जवळचे वाटतात.

बीटल्स असतानाचं शेवटचं नवं गाणं शोधायचंच तर ते ‘आय मी माइन’, ३ जानेवारी १९७० चं. जॉन डेन्मार्कमध्ये होता, तिघांनीच ते वाजवलं, आणि ते जेमतेम दीड मिनिटाचं झालं. मग ‘लेट इट बी’साठी निर्माता फिल स्पेक्टर आला. त्याने त्यातलाच एक भाग पुन्हा जोडून गाणं लांबवलं, वर तंतुवाद्यांचा थर दिला. ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर त्याने चढवलेल्या कोरसबद्दल लोक त्याला अजून शिव्या देतात, आणि त्यात माझाही सूर मिसळलेला आहे. पण कोरस निदान ऐकू येतो, त्या अल्बमच्या २००३ च्या ‘नेकेड’ आवृत्तीत तो टाळताही आला. ही लांबी मात्र कानाला कळतच नाही. त्या गाण्याचा उत्तरार्ध आपण बँडने वाजवला म्हणून ऐकतो, आणि बँडने तो दुसऱ्यांदा कधी वाजवलेलाच नाही.