ढिगाऱ्यावरचे भुंकणे

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. कुत्र्याचा ओला स्पर्श झाला की ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीच्या पाण्याने. अम्मीने हा नियम आयुष्यभर पाळला. म्हणूनच फेब्रुवारी 2023 मध्ये टीव्हीवर तुर्कस्तानची दृश्ये लागली, तेव्हा ती काय म्हणते याची मला धास्ती होती.

6 फेब्रुवारीच्या पहाटे 7.8 तीव्रतेच्या भूकंपाने गाझियानतेप, कहरामनमराशचा मुलूख उद्ध्वस्त केला होता. भारताच्या एनडीआरएफने जवानांसोबत लॅब्रॅडॉर कुत्रेही नेले. नुरदागीत ज्युली एका ढिगाऱ्यावर भुंकली. एकाच कुत्र्याच्या इशाऱ्यावर विसंबायचे नाही, म्हणून रोमिओला सोडले. तोही तिथेच भुंकला. खालून सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली.

अम्मीने अल्लाहचे शुक्र मानले. मग एवढेच विचारले, “त्या कुत्र्यांना पाणी पाजलं असेल ना गं?”

मला नवल वाटले, पण वाटायला नको होते. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याला माफी मिळाली, ही हदीस मला तिनेच तर सांगितली होती. शिकवलेल्या कुत्र्याने धरलेली शिकार सूरह माइदा हलाल ठरवते. अस्हाबे कहफसोबतही कुत्रा आहेच, आणि त्यांची म्हणून दाखवतात त्यांपैकी एक गुहा याच मराश प्रांतात, अफशीनला आहे. आपण धुण्याचा नियम तेवढा घट्ट धरला, बाकीचे घरात कुणी फारसे बोलत नाही.

शिकवणे म्हणजे तरी काय? काँक्रीटच्या फटींतून वर येणारा माणसाचा वास कुत्र्याला कळतो. त्याचे भुंकणे ओळखायचे हँडलरने. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या ढिगाऱ्यांवर मार्गारेट ग्रिफिन यांची इर्मा जिवंत माणसासाठी वेगळी भुंके, मृतासाठी वेगळी. एकदा तिने जिवंत असल्याचा इशारा दिला. काढलेला माणूस मेलेलाच वाटला, पण थोड्या वेळाने तो हलला. 1945 साली इर्माला डिकिन पदक मिळाले.

कुत्र्याला हा सारा लपाछपीचा खेळ वाटतो. माणूस सापडला की शाबासकी. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यांत दिवसचे दिवस जिवंत कुणी सापडेना, तेव्हा कुत्री खचू लागली. मग हँडलर आपल्यातल्याच कुणाला तरी लपवून ठेवत आणि कुत्र्याला शोधायला सोडत.