सनरूफचं पाणी

पावसाला सुरुवात झाली आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट भिजलं. छत मात्र कोरडं ठणठणीत! कुठंतरी पाणी मुरत होतं खरं. काचेभोवती सिलिकॉन फासा, असा सल्ला एका गॅरेजवाल्यानं दिला. मला तो पटला नाही. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, ती अपेक्षाही नसते. झिरपलेलं पाणी काचेखालच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, खांबांच्या आतून, गाडीखाली जातं.

आज सनरूफ उघडून पन्हळ पाहिली. गुलमोहराची बारीक पानं, धूळ, त्यांचा काळा राडा. थोडं पाणी ओतलं. उजव्या कोपऱ्यात ते तसंच तुंबून राहिलं. जाड तंगूस हळूहळू नळीत सरकवला. (कॉम्प्रेसरची जोरात हवा मारू नये, नळी सांध्यातून निसटली तर छताचं अस्तर उतरवायची पाळी येते.) थोड्या वेळानं पुढच्या दाराच्या बिजागरीजवळून गढूळ पाणी भळभळ वाहिलं.

कार्पेट वरून वाळलं तरी खालचा फोम बरेच दिवस ओला राहतो, आणि वायरिंग तिथूनच जातं. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनो, मे महिन्यातच पेलाभर पाणी ओतून बघा.